अर्धं कॅल्क्युलस

९ जानेवारी

भाऊजी,

फोनवर तुम्ही "हो वहिनी, हो वहिनी" म्हणता आणि मला जे सांगायचं असतं तेच राहून जातं. म्हणून लिहिते आहे.

खारूचा निकाल तुम्हाला माझ्याआधी कळला असणार. बाकी सगळ्या विषयांत पास, कॅल्क्युलसमध्ये नापास. मला तिनं आठवडाभरानं सांगितलं, तेही भांडी पुसता पुसता. "आई, कॅल्क्युलस राहिलं." बाजारातून काही आणायचं राहिल्यासारखं.

मी रागावले नाही. ज्या मुलीचा बाप जन्मभर हाच विषय शिकवत होता, तिला मी काय बोलणार? लोक बोलतात. चष्म्याच्या दुकानात बसलं की सगळ्यांचं सगळं ऐकावं लागतं.

पण आता ती म्हणते, तोच विषय पुन्हा घेणार. पहिल्या वर्षाला गणिताच्या दोन विषयांतला कोणताही आधी घेता येतो, असं तुम्हीच सांगितलं होतंत. मी म्हटलं, मग काकांचा लिनिअर अल्जिब्रा घे ना. तर म्हणाली, "काकांचा विषय कुठं पळून जात नाही." मी विचारलं, मग कॅल्क्युलस पळून चाललंय का? त्यावर ताटावरून उठली.

आणखी एक. सुट्टीत घरी होती तेव्हा जेवता जेवता मध्येच थांबायची. कुणी काही विचारावं आणि आपण आठवावं, तशी. ओठ हलायचे. मग मान हलवायची आणि पुढचा घास. मी दोनदा विचारलं, काय गं? "काही नाही."

तुम्ही तिचे काका, आणि त्याच कॉलेजात आहात. तिला समजवा. तुमचा विषय आधी शिकावा असं तुम्ही आयुष्यभर सांगत आलात, आता घरच्याच मुलीला पटवा.

तिला हा विषय कोण शिकवतं? विचारलं तर म्हणते, "आहेत एक सर." ह्यांच्या जागी कोण आलं, हे मी तीन वर्षांत कधी विचारलं नाही. आता विचारते.

तुमची
वहिनी

•

१७ जानेवारी

वहिनी,

उत्तराला उशीर केला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, तेच लिहायला जमत नव्हतं. दादाच्या जागी कुणी आलेलं नाही. कॅल्क्युलस दादाच शिकवतो.

तुम्हाला आठवत असेल, शेवटच्या सुट्टीत त्यानं सगळे तास कॅमेऱ्यासमोर घेतले होते. आजारी पडणाऱ्या मुलांना मागाहून बघता यावेत म्हणून. तो गेल्यावर कॉलेजनं जागा भरली नाही. मोठ्या हॉलमध्ये पडदा आहे. ठरलेल्या वेळी दिवे मालवतात आणि तास सुरू होतो. हजेरी होते. उदाहरणं सोडवून घ्यायला एक बाई येतात. मुलं म्हणतात, सर छान शिकवतात. सर आता नाहीत हे काहींना ठाऊकही नाही. परवा एकजण माझ्या खोलीत डोकावला आणि विचारून गेला, सर कोणत्या वेळेला भेटतात?

हे तुम्हाला सांगायचं मी टाळलं. खारूला मात्र प्रवेशाच्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे काका. म्हणूनच तर आले."

काल मी दारातून पाहिलं. पडद्यावर दादा होता त्यापेक्षा थोडा मोठा दिसतो. प्रश्न विचारून थांबायची त्याची सवय तुम्हाला माहीत आहे. बाकीचे मास्तर थांबल्यासारखं करतात आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात. दादा खरंच थांबायचा, समोरचा कासावीस होईपर्यंत. पडद्यावरही थांबतो. मुलं तेवढ्या वेळात फोन बघून घेतात. खारू तिसऱ्या रांगेत असते. ती उत्तर देते. आवाज नाही, नुसते ओठ. मग दादा म्हणतो, "नाही. पुन्हा बघ." आणि ती पुन्हा बघते.

मी म्हटलं, हवी तर सगळ्या तासांची प्रत करून देतो, खोलीत बसून बघ. "फोनवर बाबा एवढेसे दिसतात," म्हणाली. विषय संपला.

तुम्ही म्हणता तिला पटवा. दादाला पटवता आलं नाही, तिला काय पटवणार? तो म्हणायचा, जग हलतं, तेव्हा मुलांनी आधी हलण्याचं गणित शिकावं. मी म्हणायचो, त्यासाठी शाळेतलं सगळं बीजगणित आणि सगळी त्रिकोणमिती पक्की लागते, आणि तीच पोरांची कच्ची. त्यांना वाटतं आपल्याला कॅल्क्युलस येत नाही; खरं तर अपूर्णांक येत नसतात. माझ्या विषयाला बेरीज आणि गुणाकार पुरतात. त्यावर तो हसायचा. "पहिले काही आठवडे पुरतात. मग तू त्यांना म्हणतोस, आता चार मिती कल्पा, आणि पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात." हेही खोटं नाही. त्याच्या विषयात आकडेमोड अवघड, पण चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. उतार, वेग, क्षेत्रफळ. माझ्यात आकडेमोड पोरखेळ, पण चित्र काढायला जावं तर कागद पुरत नाही. कोणती अडचण आधी सोसावी, एवढाच वाद. तो आम्ही कधी मिटवला नाही, कारण तो मिटला असता तर दोघांनी बोलायचं काय?

तुम्हाला माहीत असावं म्हणून नियम लिहितो. एकच विषय दोनदा राहिला तर पहिलं वर्ष रद्द होतं. कॉलेज सोडावं लागतं. मी तिचा पेपर काढून बघतो.

तुमचा
दीर

•

२४ जानेवारी

भाऊजी,

मी ह्यांचे कपडे दिले. चपला दिल्या. त्यांचा आवाज जुन्या फोनवर होता, तो फोन बिघडला तेव्हा दुरुस्तीला टाकला नाही. एवढं करून मी उभी राहिले. आणि तुम्ही त्यांना रोज कामावर पाठवताय?

तुमचं पत्र आलं तेव्हा खुर्चीत गिऱ्हाईक होतं. मी भिंगं बदलत होते. "हे स्पष्ट, की हे?" असं विचारायचं असतं. बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, कोणतं बरं?" असे पुष्कळ येतात. त्यांना काय दिसतं ते सांगत नाहीत, मला काय आवडेल ते सांगतात. अशांचा नंबर चुकतो. माझ्या मुलीचं तसंच चाललंय का हो?

मला एक सांगा. ते पडद्यावर "नाही, पुन्हा बघ" म्हणतात, ते कुणाला? त्या वेळी वर्गात जी मुलं होती त्यांना ना? मग खारूचं उत्तर बरोबर असलं तरी ते नाहीच म्हणणार. दुसऱ्याच कुणाच्या तरी चुकीवर माझी मुलगी रोज बोलणी खाते आहे. त्यापायी ती नापास झाली असली तर मला त्यात नवल वाटत नाही.

कोणता विषय आधी हे ठरवणारी तुमची समिती आहे ना, आणि तुम्ही तिचे प्रमुख? मग तुमचा विषय आधी करा आणि तो पडदा बंद करा. तुम्हाला जे हवं होतं तेच मी मागते आहे. ह्याहून सोपं काम तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

दादा गेला, असं तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं. तुम्हीच. मग तो गेलेलाच असू दे.

वहिनी

•

८ फेब्रुवारी

वहिनी,

पेपर पाहिला. तीनदा पाहिला.

एक प्रश्न सांगतो, सोपा आहे. भिंतीला शिडी टेकवली आहे. तिचं खालचं टोक कुणीतरी सारख्या वेगानं बाहेर ओढतंय. वरचं टोक भिंतीवरून खाली घसरतं. तेही सारख्या वेगानं घसरतं का? ऐकणाऱ्याला वाटतं, हो. नाही. जसजसं खाली येतं तसतसा वेग वाढत जातो, आणि जमिनीजवळ तर धडकन.

खारूनं आधी लिहिलंय, "त्याच वेगानं." त्यावर रेघ मारलीय. खाली लिहिलंय, "हळू होत जाईल." त्यावरही रेघ. त्याखाली पूर्ण, बिनचूक गणित. तपासणाऱ्यानं वैतागून अर्धे गुण कापलेत, वेळ वाया घालवते म्हणून. असं प्रत्येक प्रश्नात आहे. आधी चूक, मग रेघ, मग बरोबर. गोंधळून लिहिलेलं नाही. अक्षर सगळीकडे एकसारखं आहे. मी शिक्षक आहे वहिनी, चुकणाऱ्या मुलांचं अक्षर मी ओळखतो. हे तसं नाही. येत असून ती आधी चुकते.

हा पेपरचा अर्धा भाग. पुढचा अर्धा, म्हणजे संकलनाचा, इंटिग्रेशनचा, कोरा आहे. हजेरी पाहिली. विकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, शिकवून होईपर्यंत एकही तास चुकलेला नाही. संकलन सुरू झालं त्या आठवड्यापासून एकाही तासाला ती नाही. विषयाचा हा भाग मुलांना जड जातो. तिलाही गेला असेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. मला ते लिहावंसं वाटत नव्हतं. त्या वेळी वर्गात मुलं नव्हती. सुट्टी होती. हॉल रिकामा होता. कॅमेऱ्यामागे मी होतो. दादा रिकाम्या बाकांना प्रश्न विचारायचा, थांबायचा, आणि म्हणायचा, "नाही. पुन्हा बघ." मला पहिल्या दिवशी हसू आलं. म्हटलं, दादा, कुणाला झापतोयस? तो म्हणाला, "इथं काय चुकणार हे मला माहीत आहे." मला वाटलं, इतकी वर्षं शिकवलंय, मुलांच्या चुका पाठ झाल्या असतील.

काल पुन्हा खारूला बघितलं. तो थांबतो, ती चुकते, तो नाही म्हणतो. एकदाही मागेपुढे होत नाही. तिच्या ओठांना वेळ बरोबर माहीत असते.

समितीची बैठक महिनाअखेर आहे. मी विषय मांडणार आहे. दादाचे तास थांबलेले बरे, असं आता मलाही वाटतं. तुमच्यामुळे नाही. मला भीती वाटते म्हणून.

तुमचा
दीर

•

१५ फेब्रुवारी

भाऊजी,

शिडी वाचली आणि पत्र खाली ठेवलं.

ती शिडी आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. फूटपट्टी आणि पाण्याचा जग. त्या सुट्टीत हे उद्याचा तास आदल्या संध्याकाळी खारूवर करून बघायचे. "हिला कळलं तर कुणालाही कळेल," असं तिच्यासमोरच म्हणायचे, आणि ती चमचा उगारायची. शाळेत होती तेव्हा. तिला कुठलं कॅल्क्युलस? पण ते फूटपट्टी जगाला टेकवायचे, खालून ओढायचे आणि विचारायचे, वरचं टोक कसं येतंय? तोंडात घास असताना ती म्हणायची, "त्याच वेगानं." हे थांबायचे. मग, "नाही. पुन्हा बघ." ती म्हणायची, "हळू होत जाईल." परत नाही. मी म्हणायचे, अहो, आधी जेवू द्या तिला, फूटपट्टी आमटीत पडेल. एकदा पडलीही.

दुसऱ्या दिवशी जाऊन ते त्याच जागी थांबत असणार. तुम्ही लिहिलंत हॉल रिकामा होता. नव्हता.

भाऊजी, माझ्या मुलीनं पेपरात चुका लिहिल्या नाहीत. तेव्हा ती जे बोलली ते लिहिलं. मी तिला वेडी ठरवत होते, तुम्ही तिला घाबरत होता, आणि ती बापाशी जेवताना बोलत होती.

आता पुढचा अर्धा. सुट्टीच्या मध्यावर माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी खारूला घेऊन तिकडे गेले. उरलेले तास पुरे करायला हे मागे राहिले. आम्ही परत आलो तोवर त्यांचं काम संपलं होतं. मग कॉलेज उघडलं, आणि पहिल्याच आठवड्यात तुमचा फोन आला. संकलन त्यांनी तिच्यावर करून पाहिलंच नाही. तिथं तिला बोलायला काही नाही. पेपर कोराच राहणार.

म्हणजे ती नापास झालेली नाही. तिचं बोलणं जिथं संपतं तिथं ती थांबली, आणि पुन्हा पहिल्या तासाला जाऊन बसली. ह्या वेळीही तेच करील. तुम्ही नियम लिहिला आहे. मग तिला हाकलतील.

मागच्या पत्रात मी ठणकावून लिहिलं, पडदा बंद करा. आता बंद करा म्हणवत नाही, आणि चालू ठेवा असंही म्हणवत नाही. तुम्हीच ठरवा, आणि ठरवल्यावर मला दोष द्यायला जागा ठेवा. तेवढं माझ्यासाठी करा.

वहिनी

•

३ मार्च

वहिनी,

दोष द्या. पुढच्या वर्षापासून पहिल्या सत्रात सगळ्यांना लिनिअर अल्जिब्रा. कॅल्क्युलस त्यानंतर, आणि त्यासाठी माणूस नेमायचा. पडद्याचे तास ह्या सत्राअखेर थांबतील. मतं समसमान पडली. शेवटचं मत माझं होतं.

मत देताना मी तुमचा विचार केला नाही, खारूचाही नाही. जे वर्षानुवर्षं बोलत आलो तेच बोललो: कच्च्या मुलांना आधी असं काही द्या की ज्यात जुनं अडखळणं आड येत नाही. बोलताना प्रत्येक वाक्यानंतर मी थांबत होतो. दादा ह्यावर काय म्हणेल ते मला माहीत असतं. कुणी काही म्हटलं नाही. प्राचार्य म्हणाले, "सर, पुढे बोला." इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

खारूला मीच सांगितलं. ती जिन्यात होती. म्हणाली, "जिंकलात काका. समोरच्याला बोलायची सोय नसली की जिंकता येतं." मी म्हटलं, सत्र संपेपर्यंत तास आहेत, तोवर बस, परीक्षा दे. तर म्हणाली, "माझे संपले."

सोमवारी संकलन सुरू झालं. तिसऱ्या रांगेतली तिची जागा रिकामी. मी आत जाऊन मागे बसलो. हे तास मी कॅमेऱ्यातून पाहिले होते, पण कॅमेरा धरणारा कुठं काय बघतो? चौकट सांभाळत होतो. आता बघितलं. दादा प्रश्न विचारतो. थांबतो. मग काहीच म्हणत नाही. नाही म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. फळ्याकडे वळतो.

त्याला तिथं काय चुकणार हे माहीत नव्हतं.

आणखी काही तास बुडाले तर तिला परीक्षेला बसू देणार नाहीत. ती माझा फोन घेत नाही. तुम्ही काहीतरी करा. मी रोज त्या तासाला जाऊन बसतो आहे. का, ते विचारू नका.

तुमचा
दीर

•

९ मार्च

खारू,

हे समजावणीचं पत्र नाही. काकांची बाजूही मी घेत नाही. त्यांनी जे केलं ते केलं.

मला तुझ्याकडून एक काम करून हवं आहे.

आजीच्या ऑपरेशनच्या वेळी आपण दोघी तिकडे होतो. बाबा रोज संध्याकाळी फोन करायचे. मी आजीच्या डोळ्यांत थेंब घालत असायचे, "नंतर करते" म्हणायचे. कधी केला, कधी राहिला. आपण परतलो तेव्हा ते बरे दिसत होते, कॉलेज उघडायची गडबड होती, मी नीट बघितलं नाही. नीट बघायचं असतं हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

ते दिवस त्यांनी कसे काढले, मला माहीत नाही. जेवत होते का? दमत होते का? तुलाही माहीत नाही. ते दिवस त्या हॉलमध्ये आहेत आणि आपल्या दोघींपैकी कुणी ते पाहिलेले नाहीत. सत्र संपलं की ते कपाटात जातील.

मी दुकान बंद करून येऊ शकते. येऊन बसले तरी मला त्यातलं अक्षर कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना तेवढं मोठं बघायचं बळ माझ्यात नाही. तुझ्यात आहे. तू पुष्कळ दिवस बघते आहेस.

जाऊन बस आणि मला लिही. गणित नको. ते कसे होते ते लिही.

आई

•

१८ मार्च

आई,

गेले.

दाढी केलेली नाही. मी गेले त्या तासाला नाही, पुढच्यालाही नाही. त्यापुढच्याला केलीय आणि हनुवटीवर कापलंय. निळा शर्ट आठवडाभर चालवलाय. तू नव्हतीस ना. मध्येच पाणी पितात. आधीच्या तासांत कधीच पीत नाहीत. दमले आहेत असं वाटलं नाही. घाईत आहेत असं वाटलं. खडू मोडला तर पूर्वी हसायचे, आता दुसरा उचलतात. जेवत असावेत. बारीक दिसत नाहीत. एका तासाला खिशात तुझ्या दुकानाचं चष्मा पुसायचं फडकं आहे, त्याचं पिवळं टोक बाहेर आलंय. त्यानंच एकदा बोटं पुसली. तू ओरडली असतीस.

मागच्या सत्रात मी ह्यातल्या पहिल्याच तासाला हजेरीआधीच, अर्ध्यातून उठून आले होते. का ते तुला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, थांबले, मी काहीतरी उत्तर दिलं, आणि ते फळ्याकडे वळले. आई, मी वेडी नाही. ते ऐकत नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्यांनी पाठ फिरवणं वेगळं.

ह्या वेळी गेले तर काका आधीच येऊन बसलेले, माझ्या जागेशेजारी. आम्ही बोलत नव्हतो. दिवे गेले. बाबांनी गाडीचं उदाहरण घातलं. म्हणाले, "गाडीचा वेग मला क्षणाक्षणाला माहीत आहे. दोन तास झाले. गाडी आता कुठे आहे?" आणि थांबले. बघत होते कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे. काका तिथं उभे असतील.

काका अंधारात पुटपुटले, "वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं. तेवढ्या अंतरावर."

मी म्हटलं, "कशापासून?"

"म्हणजे?"

"तेवढं अंतर कापलं, ते कळलं. पण निघाली कुठून? ते कुठं सांगितलंय? चुकलात काका."

मग म्हणाले, "अगं हो की." एवढे मोठे प्रोफेसर आणि ही चूक! मी विचारलं, मुद्दाम चुकलात का, मला बोलतं करायला? तर असे चिडले. "मुद्दाम चुकायला मला येत नाही. ते तुझं काम." खरंच चुकले होते. चिडण्यावरून कळलं.

मी म्हटलं, एका प्रश्नाला पुष्कळ उत्तरं असू शकतात, हे तर तुमच्याच विषयात शिकवतात ना? म्हणाले, तुला काय माहीत, तू कधी माझ्या वर्गात पाऊल टाकलंस? मी म्हटलं, तुमचा आवाज कॉरिडॉरभर येतो, पाऊल कशाला टाकायला हवं? मग त्यांनी पेन काढलं आणि माझ्याच वहीवर सुरू केलं. म्हणाले, पुष्कळ असली तरी ती कशीही विखुरलेली नसतात. एक हाती लागलं की बाकीची सगळी त्याच्याच शेजारी एका ओळीत सापडतात. माझ्याकडेही तसंच, आणि हे गाडीचं आहे तिथंही तसंच. अंधारात काढलेली ती ओळ वहीवरून खाली उतरून बाकावर गेली. मी म्हटलं, थांबा, गाडी वेगळ्या गावाहून निघाली तर नुसतं तेवढंच सरकणार, वेग तोच. "हां," म्हणाले, "मग आता दोन गाड्या घे." मी दोन घेतल्या. त्यांचं पटलं नाही. माझं त्यांना पटलं नाही. मी म्हटलं, मग हे दोन वेगळे विषय आहेत असं का सांगता, आणि कोणता आधी म्हणून भांडता कशाला? ते म्हणाले, आमचं भांडण तुला कळायचं नाही, आधी शीक. मी म्हटलं, कोणतं आधी? आणि दोघं हसलो, तर मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "बाहेर जाऊन बोला ना, सर शिकवतायत."

आम्ही आवाज खाली आणला. थांबलो नाही.

मी मान वर केली तेव्हा फळा काठोकाठ भरलेला होता आणि बाबा हात झटकत होते. मध्ये त्यांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले असणार. थांबले असणार. मी ऐकलंच नव्हतं.

त्या तासाचं टिपण मला त्या मागच्या मुलीकडून मागून घ्यावं लागलं.

खारू